डरहॅम कॅथीड्रल

डरहॅम कॅथीड्रल : इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅम शहरातील प्रमुख अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत ख्रिस्ती पंथाचे) चर्च व पूर्वीचा बेनेडिक्टाइन मठ, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमांनुसार राहणाऱ्या भिक्षूंचा मठ. वेअर नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या उंच खडकावर ते उभे असून त्याच्या समोरच नॉर्मन काळातील, म्हणजे १०६६ मध्ये फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या काळातील, किल्ला आहे. या दोन वास्तूंचा १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. बांधकाम १०९३ मध्ये बिशप विल्यम ऑफ सेंट कॅले याच्या काळात सुरू झाले आणि ११३३ पर्यंत मुख्य वास्तू उभी राहिली. मध्ययुगाच्या मानाने हा वेग विलक्षणच. अनेक इंग्लिश कॅथीड्रलांमध्ये तीन-चार शतकांच्या शैली एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. डरहॅमचा मुख्य भाग मात्र एकाच पिढीच्या हातून उतरलेला आहे, आणि तो एकजिनसीपणा आत शिरताच जाणवतो.

इंग्लंडमधील जुनी चर्चे पाहणाऱ्याला कॅथीड्रल आणि ॲबी यांतला फरक माहीत असणे बरे. बिशपचे अधिकृत आसन जिथे असते ते कॅथीड्रल. इमारत किती मोठी, याला महत्त्व नाही. मुंबईच्या फोर्ट भागातील सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले होते, पण शहराला पहिला अँग्लिकन बिशप मिळाल्यावर, १८३७ मध्ये, ते कॅथीड्रल ठरले. ॲबी म्हणजे मठ, भिक्षूंचे राहते ठिकाण. डरहॅम दोन्ही होते : बिशप हा नावापुरता मठाधिपती आणि मठाचा रोजचा कारभार पाहणारा तो प्रायर. ही दुहेरी व्यवस्थाच पुढे या वास्तूला तारून गेली.

कॅथीड्रल येथे उभे राहिले ते संत कथबर्टच्या पार्थिवामुळे. लिंडिसफार्न बेटावरील मठाचा बिशप असलेला कथबर्ट ६८७ मध्ये वारला. काही वर्षांनी थडगे उघडले तेव्हा देह जसाच्या तसा सापडल्याची वार्ता पसरली आणि यात्रेकरूंची रीघ लागली. व्हायकिंगांच्या हल्ल्यांमुळे ८७५ मध्ये भिक्षूंनी शवपेटीसह बेट सोडले. सुमारे सात वर्षे फिरस्ती झाली, चेस्टर-ली-स्ट्रीट येथे शतकभर मुक्काम झाला आणि ९९५ मध्ये पेटी डरहॅमच्या खडकावर आली. हरवलेली गाय शोधणाऱ्या बाईच्या मागोमाग भिक्षूंना ही जागा सापडली, अशी दंतकथा आहे. बाहेरच्या भिंतीवर त्या गायीचे शिल्पही आहे. जागा निवडण्यामागे गायीपेक्षा तिन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांचा वाटा अधिक असावा. इंग्लंडचा आद्य इतिहासकार मानला जाणारा बीड (मृत्यू ७३५) याच्या अस्थीही अकराव्या शतकात जॅरोहून येथे आणल्या गेल्या. त्या आता पश्चिम टोकाच्या गॅलिली चॅपलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) आहेत.

वास्तुशास्त्राच्या इतिहासात डरहॅमचे नाव येते ते छतासाठी. रुंद दालनावर दगडी छत घालायचे तर त्याचा प्रचंड भार भिंतींना बाहेर रेटतो. येथील गवंड्यांनी छताखाली एकमेकींना छेदणाऱ्या दगडी फासळ्यांची चौकट बांधली आणि मधल्या जागा भरून काढल्या. मध्यदालनावरील छतात (११२८–३३) त्यांनी अर्धगोल कमानींच्या जोडीला टोकदार कमानी वापरल्या. पुढे ज्याला गॉथिक शैली म्हटले गेले तिची बरीचशी सामग्री अशी येथे, एका रोमनेस्क (गॉथिकच्या आधीच्या, जाड भिंती व अर्धगोल कमानींच्या शैलीतील) इमारतीत, आधीच जुळून आली होती. सगळेच साधले असे मात्र नाही : गायकवृंदाच्या भागावरील मूळ छताला तडे गेले आणि ते तेराव्या शतकात नव्याने बांधावे लागले. सामान्य प्रेक्षकाच्या लक्षात राहतात ते मध्यदालनाचे खांब. त्यांचा घेर ६.६ मीटर आणि उंचीही तितकीच. त्यांवर नागमोडी, चौकटीच्या व उभ्या पन्हळींच्या नक्षी खोल कोरल्या आहेत.

मध्यदालनाच्या पश्चिमेकडे जमिनीत काळ्या दगडाची एक पट्टी आहे. मठाच्या काळात स्त्रियांना तिच्यापुढे जाण्यास मज्जाव होता. कथबर्टला स्त्रियांचे वावडे होते, असे कारण भिक्षू सांगत. प्रत्यक्षात त्याची कित्येक मठाधिकारिणींशी मैत्री होती आणि ही कथा नॉर्मन काळातल्या ब्रह्मचारी भिक्षूंच्या सोयीची दिसते. कुमारी मेरीचे चॅपल रूढीप्रमाणे पूर्वेला बांधायला घेतले तेव्हा भिंतींना चिरा पडल्या. संताला ते पसंत नाही असा अर्थ लावून ते पश्चिमेला, संताच्या समाधीपासून शक्य तितके दूर बांधले गेले. तेच गॅलिली चॅपल.

उत्तर दरवाजावर सिंहासारख्या विक्राळ तोंडाची कांस्याची कडी आहे. ती प्रतिकृती असून बाराव्या शतकातील मूळ कडी संग्रहालयात ठेवली आहे. गुन्हा करून पळालेल्याने दरवाजा ठोठावला की त्याला ३७ दिवस अभय मिळे. तेवढ्यात माफी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा.

राजा आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात इंग्लंडमधील मठ बरखास्त केले. फाउंटन्स, रिव्हो, व्हिट्बी अशा बड्या मठांच्या छतांवरचे शिसे काढून विकले गेले आणि भिंती पावसात उघड्या पडल्या. आज तेथे हिरवळीवर सुंदर अवशेष दिसतात. डरहॅमला कथबर्टचे समाधिमंदिर फोडण्यात आले, पण इमारत बिशपचे आसन असल्यामुळे वाचली. शेवटचा प्रायर ह्यू व्हाइटहेड हाच पहिला डीन, म्हणजे कॅथीड्रलचा कारभार पाहणारा मुख्य पाद्री, झाला आणि भिक्षूंची घरे नव्या पाद्र्यांच्या वापरात आली. म्हणूनच मध्ययुगीन मठाचे रोजचे जगणे पाहायचे असेल तर रम्य अवशेषांपेक्षा हे चालते कॅथीड्रल अधिक शिकवते. ओकच्या तुळयांची भिक्षूंची झोपण्याची लांबलचक खोली आणि जॉन लेविनने १३६६–७४ मध्ये बांधलेला अष्टकोनी मुदपाकखाना छतासह शाबूत आहेत. हा मुदपाकखाना आता संग्रहालयाचा भाग असून कथबर्टच्या लाकडी शवपेटीचे तुकडे आणि १८२७ मध्ये थडगे उघडले तेव्हा मिळालेला सोन्याचा क्रूस तेथे मांडला आहे.

इतिहासातले सर्वांत काळे प्रकरण १६५० चे. स्कॉटलंडमधील डनबारच्या लढाईत इंग्लिश सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेलने पकडलेले सुमारे ३,००० स्कॉटिश सैनिक येथे कोंडले गेले. उपासमार, रोगराई आणि थंडी यांत सुमारे १,७०० जण दगावले. उबेसाठी कैद्यांनी आतले लाकूडकाम जाळले असे सांगतात. सध्याचे बरेचसे लाकूडकाम नंतरच्या बिशप कोझिनच्या काळचे आहे. मृतांना कुठे पुरले हे दीर्घकाळ कोडेच होते. २०१३ मध्ये शेजारच्या विद्यापीठाच्या जागेत बांधकाम करताना सांगाडे सापडले, आणि ते या कैद्यांचेच असल्याचे अभ्यासाअंती दोन वर्षांनी स्पष्ट झाले.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत किंवा सेंट पॉल्समध्ये पर्यटकाला तिकीट काढावे लागते. डरहॅममध्ये तसे नाही; देणगीची विनंती असते. संग्रहालय आणि मनोरा यांना मात्र शुल्क आहे. मधला मनोरा ६६ मीटर उंच असून वर जायला ३२५ पायऱ्या आहेत. गायकवृंदाची सायंप्रार्थना, म्हणजे इव्हनसाँग, सर्वांना खुली असते. ख्रिस्ती नसलेलेही बसतात, आणि या दालनाचा नाद ऐकायचा तर ती वेळ चुकवू नये. लंडनहून रेल्वेने सुमारे तीन तासांत पोहोचता येते. गाडी स्थानकाजवळच्या उंच पुलावरून जाताना कॅथीड्रल व किल्ला एकत्र दिसतात. किल्ल्यात १८३२ मध्ये स्थापन झालेल्या डरहॅम विद्यापीठाचे विद्यार्थी राहत असल्याने तो मार्गदर्शकासोबतच पाहता येतो.