नोंद सेव्ह झाली, पुढे काय? सेल्सफोर्स ॲडमिन परीक्षेतला ऑटोमेशनचा भाग समजून घेताना

सेल्सफोर्स हे कंपन्यांनी ग्राहकांच्या नोंदी ठेवायला वापरायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर. त्याच्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या परीक्षेची तयारी करायला आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्याच भेटीत सांगतात, ‘बाकी सगळं जमतं, ऑटोमेशनपाशी गाडी अडते.’ फ्लोचे, म्हणजे कामं आपोआप करून घ्यायला रचलेल्या पायऱ्यांचे, प्रकार पाठ असतात, व्हिडिओही बघून झालेले असतात. तरी प्रश्न समोर आला की चारपैकी दोन पर्याय बरोबरच वाटतात. हे माहितीपत्रक त्या दोन पर्यायांतला बरोबर कोणता, हे ओळखता यावं म्हणून लिहिलं आहे. वर्गात नाव घालायच्या आधी ते शांतपणे वाचा. पटलं तर या.

आधी परीक्षेबद्दल थोडक्यात. तिला आता प्लॅटफॉर्म ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. गुण धरले जातात असे 60 प्रश्न, वेळ 105 मिनिटं, पास व्हायला 65 टक्के, म्हणजे 39 उत्तरं बरोबर यायला हवीत. याशिवाय गुण नसलेले आणखी पाचेक प्रश्न मध्येच येऊ शकतात आणि ते वेगळे ओळखू येत नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. फी 200 डॉलर आणि वर कर. ऑटोमेशनवर साधारण नऊ-दहा प्रश्न असतात. मराठीत परीक्षा नाही, पण विचार मराठीत करायला कुणाची आडकाठी नाही. आम्ही वर्गात तेच करतो.

जुन्या नोट्स बाजूला ठेवा

ओळखीच्या कुणाकडून मिळालेली पीडीएफ असेल तर तिच्यात वर्कफ्लो रूल आणि प्रोसेस बिल्डर यांची पानंच्या पानं सापडतील. ऑटोमेशनची ही दोन्ही जुनी साधनं आता मागे पडली. नवे वर्कफ्लो रूल बनवणं विंटर 23 या आवृत्तीपासून बंद झालं, नव्या प्रोसेस समर 23 पासून, आणि 31 डिसेंबर 2025 ला दोन्हींचा सपोर्ट संपला. आधी बनवलेल्या चालू राहतात, त्यामुळे नोकरीत त्या भेटतील आणि त्या वाचता आल्याच पाहिजेत. पण ‘नवं काम कशात करावं?’ या प्रश्नाचं उत्तर आता फ्लो हेच आहे.

परीक्षेतले प्रश्न जसेच्या तसे विकणारे ‘डम्प’ आम्ही देत नाही आणि वापरूही देत नाही. परीक्षेच्या करारात त्याला मनाई आहे, प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय डम्पवर पास झालेल्या माणसाला पहिल्याच नोकरीत पहिला फ्लो बनवायला सांगितला की त्याची जी अवस्था होते, ती आम्ही पाहिली आहे. ती वेळ आमच्या विद्यार्थ्यावर यावी असं आम्हाला वाटत नाही.

तीन प्रश्न, याच क्रमाने

प्रश्न वाचताना पर्यायांकडे बघायच्या आधी स्वतःला विचारा: हे काम कशामुळे सुरू होतं? मध्ये माणसाला काही दाखवायचं किंवा विचारायचं आहे का? आणि बदल कोणत्या नोंदीत करायचा आहे, त्याच की दुसऱ्या?

उदाहरण घेऊ. सांगलीत सोलर वॉटर हीटर बसवणारी एक कंपनी आहे असं समजा. फोनवर चौकशी आली की मुलगी ग्राहकाला ठरलेले सहा प्रश्न विचारते आणि उत्तरं भरते. इथे माणसासमोर पडदा हवा, म्हणून स्क्रीन फ्लो. कोटेशन सेव्ह झालं की आपोआप काहीतरी व्हायला हवं, तर रेकॉर्ड-ट्रिगर्ड फ्लो. रोज सकाळी सात वाजता सगळ्या थकलेल्या कोटेशनांवर नजर टाकायची, तर शेड्यूल-ट्रिगर्ड फ्लो. पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त सूट द्यायची तर मालकांची संमती हवी, मग अप्रूव्हल प्रोसेस. त्यात नोंद मंजुरीला गेली की ती कुलूपबंद होते, हे लक्षात ठेवा. ‘सेल्समनला आता नोंद बदलता येत नाही, का?’ असा प्रश्न आला तर उत्तर बहुधा तिथेच असतं.

इथवर सगळ्यांना जमतं. खरी अडचण तिसऱ्या प्रश्नाशी आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

आवक क्रमांक पडण्याआधी, पडल्यानंतर

तहसील कचेरीतली आवक-जावकची खिडकी आठवा. तुम्ही अर्ज पुढे सरकवता. कारकून तो चाळतो, तालुका लिहायचा राहिला असेल तर तिथल्या तिथे पेनाने भरतो आणि मग शिक्का मारून आवक क्रमांक टाकतो. क्रमांक पडण्याआधी त्याच कागदावर काही भरायचं तर एका फटक्यात होतं. पण त्या अर्जावरून दुसरी फाईल उघडायची असेल, दुसऱ्या टेबलाला पत्र द्यायचं असेल, तर क्रमांक लागतोच. क्रमांकाशिवाय संदर्भ देणार कशाचा?

रेकॉर्ड-ट्रिगर्ड फ्लो बनवताना ‘फास्ट फील्ड अपडेट्स’ की ‘ॲक्शन्स अँड रिलेटेड रेकॉर्ड्स’ असं विचारतात, ते नेमकं हेच. पहिला पर्याय सेव्ह होण्याआधी चालतो. नव्या नोंदीला तेव्हा आयडी पडलेला नसतो, म्हणून तो फक्त त्याच नोंदीतली फील्ड भरू शकतो. ईमेल पाठवत नाही, दुसरी नोंद बनवत नाही. पण वेगवान असतो, कारण नोंद पुन्हा सेव्ह करावी लागत नाही. दुसरा पर्याय सेव्ह झाल्यानंतर चालतो. टास्क बनवणं, ग्राहकाला ईमेल पाठवणं, कोटेशनवरून मूळ अकाउंट (ग्राहकाची मुख्य नोंद) बदलणं ही सगळी त्याची कामं.

म्हणून प्रश्नात ‘त्याच नोंदीतलं फील्ड’ आणि ‘कमीत कमी वेळात’ असे शब्द दिसले की पहिला पर्याय. ‘संबंधित नोंद’ दिसलं की दुसरा.

यालाच जोडून एक क्रम ध्यानात ठेवा. सेव्हआधीचा फ्लो व्हॅलिडेशन रूलच्या, म्हणजे चुकीची नोंद सेव्ह होऊ न देणाऱ्या नियमाच्या, आधी चालतो. पिनकोडवरून जिल्हा भरणारा असा फ्लो असेल आणि जिल्हा रिकामा असल्यास अडवणारा रूल असेल, तर नोंद अडत नाही, कारण रूल तपासायला येईपर्यंत जिल्हा भरलेला असतो. सेव्हनंतरच्या फ्लोने हेच काम करायला गेलात तर रूल आधीच दार लावून घेतो.

एकच ईमेल दोनदा का गेला?

कोटेशन ‘मंजूर’ झालं की ग्राहकाला अभिनंदनाचा ईमेल जातो. दुसऱ्या दिवशी सेल्समन त्याच कोटेशनवरचा फोन नंबर दुरुस्त करतो आणि ग्राहकाला तोच ईमेल पुन्हा जातो. अट चुकलेली नाही, कोटेशन अजून मंजूरच आहे. चुकलं आहे ते अटीखालचं बटण. ‘प्रत्येक वेळी अट पूर्ण असेल तेव्हा’ आणि ‘अट नव्याने पूर्ण होईल तेव्हाच’ असे दोन पर्याय तिथे असतात, आणि हवा होता दुसरा.

शेड्यूल्ड पाथ आणि शेड्यूल-ट्रिगर्ड फ्लो यांची गल्लतही अशीच होते. कोटेशनची मुदत संपायच्या दोन दिवस आधी आठवण करायची, तर प्रत्येक कोटेशनची तारीख वेगळी असते, म्हणून रेकॉर्ड-ट्रिगर्ड फ्लोमधला शेड्यूल्ड पाथ. मध्येच कोटेशन नाकारलं गेलं आणि अट मोडली तर ती आठवण आपोआप रद्द होते. ठरलेल्या वेळी सगळ्यांवर एकदम काम करायचं असेल, तर शेड्यूल-ट्रिगर्ड.

लूपमधली चूक, आमच्या हातून झालेली

हे आम्ही प्रत्येक बॅचला सांगतो. एका ग्राहकासाठी आम्ही फ्लो बनवला होता: गृहनिर्माण सोसायटीचा संपर्क बदलला की तिथल्या सगळ्या बसवलेल्या हीटरांच्या नोंदींवर नवा संपर्क यावा. सगळे हीटर गोळा केले, लूप (एकेक नोंद घेऊन तीच पायरी पुन्हा करणारा घटक) लावला, लूपच्या आत ‘अपडेट रेकॉर्ड्स’ ठेवलं. तीन हीटरांच्या सोसायटीवर चाचणी घेतली, छान चाललं. काही दिवसांनी 180 फ्लॅटच्या सोसायटीचा संपर्क बदलला आणि पडद्यावर लाल पट्टी आली. एका व्यवहारात डेटाबेसमध्ये लिहिण्याची मर्यादा 150 वेळांची आहे आणि आमचा लूप 151 व्या हीटरपाशी पडला. आधीचे 150 बदल राहिले का? नाही. सगळा व्यवहार मागे फिरला, सोसायटीच्या नोंदीतला मूळ बदलही सेव्ह झाला नाही. तो बदल टाइप करणाऱ्या मुलीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

योग्य रीत अशी: लूपमध्ये फक्त ‘असाइनमेंट’ ठेवायचं. प्रत्येक नोंदीत नवा संपर्क भरायचा, ती नोंद यादीत टाकायची आणि लूपच्या बाहेर आल्यावर पूर्ण यादी एकदाच अपडेट करायची. किराणा दुकानात दर जिन्नसाला वेगळी फेरी न मारता आपण यादी करून नेतो, तसंच. खरं तर आमच्या त्या कामाला लूपची गरजच नव्हती. सगळ्या हीटरांवर एकच संपर्क टाकायचा होता, म्हणजे ‘या सोसायटीचे सगळे हीटर’ अशी अट देऊन एकाच ‘अपडेट रेकॉर्ड्स’मध्ये काम झालं असतं. डेटा वाचण्यालाही अशीच मर्यादा आहे, एका व्यवहारात 100 वेळा. म्हणून ‘गेट रेकॉर्ड्स’सुद्धा लूपमध्ये नको.

आणि फॉल्ट पाथ जोडा. घटकाचं काम फसलं तर पुढे कुठे जायचं, ती ही वाट. परीक्षेत त्यावर एखादाच प्रश्न येईल, पण इतर चुकांच्या वेळी समोरच्याला समजेल असा संदेश दाखवता येतो आणि आपल्यालाही लगेच कळतं. वरच्यासारखी मर्यादा ओलांडली तर मात्र ही वाट जोडलेली असली तरी सगळा व्यवहार मागेच फिरतो.

वर्गाला येताना

ट्रेलहेड या सेल्सफोर्सच्या शिकण्याच्या साइटवर मोफत खातं उघडा आणि सरावासाठी प्लेग्राउंड घ्या. त्यालाही पैसे लागत नाहीत. वरचे सगळे फ्लो तिथे स्वतःच्या हाताने बनवा, मुद्दाम चुकीचे बनवा, डीबगचं बटण दाबून ते कुठे अडतात ते बघा. एका फ्लोच्या अनेक आवृत्त्या केल्यात तरी एका वेळी एकच चालू राहते, हेही तिथेच डोळ्यांना दिसेल.

पहिल्या दिवशी लॅपटॉपबरोबर एक कागद आणा. तुमच्या ऑफिसातलं, दुकानातलं किंवा घरच्या व्यवसायातलं एखादं रोजचं काम त्यावर मराठीत लिहा: कोण सुरू करतं, कोणाकडे जातं, कुठे अडकतं. पहिला फ्लो आपण त्या कागदावरूनच बनवतो.