जिताड्याचं इंजेक्शन आणि टेनेसीचा कायदा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ जून २०२५ रोजी टेनेसी राज्याचा एक कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. अठरा वर्षांखालच्या मुलांना लिंगभाव बदलण्याच्या हेतूने वयात येणं थांबवणारी औषधं किंवा दुसऱ्या लिंगाचे हार्मोन द्यायला हा कायदा मनाई करतो. आमच्या रत्नागिरीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचेपर्यंत त्या बातमीचं ‘पोरांचं लिंग बदलणारं इंजेक्शन बंद’ असं झालं होतं. त्याखाली एकाने लिहिलं, जिताडासुद्धा लिंग बदलतो, मग माणसाने बदललं तर काय बिघडलं? लगेच दुसरा उत्तरला, माणूस म्हणजे मासा नव्हे. बोलणं दोघांचंही खरं, पण मुद्द्याला धरून एकाचंही नाही. ज्या इंजेक्शनवरून एवढा वाद पेटलाय, ते कोणाचं लिंग बदलत नाही. ते वयात येणं थोपवून धरतं. आणि गंमत अशी की त्याच घराण्यातलं इंजेक्शन जिताड्यालाही टोचतात, अगदी उलट कामासाठी.

आधी जिताड्याचं उरकून घेऊ. अलिबाग-पेणच्या खारजमिनीतल्या तळ्यांत वाढणारा आणि लग्नाकार्यात भाव खाणारा हा मासा काही ठिकाणी खजुरा म्हणूनही ओळखला जातो. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी, अंगापिंडाने मोठा झाला की, मादी होतो. बाजारात चांगला दांडगा जिताडा दिसला तर तो बहुधा ‘ती’ असते. पण बंदिस्त टाकीत ही मादी सहजासहजी अंडी सोडत नाही. म्हणून बीजनिर्मिती केंद्रात तिला मेंदूतल्या एका हार्मोनची नक्कल टोचतात आणि साधारण दीड दिवसात ती अंडी सोडते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये हे आपल्या देशात करून दाखवलं. निसर्गात असं घडतं म्हणून माणसांतही ते योग्य, असं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो: जिताड्याची पिल्लं आपल्याच धाकट्या भावंडांना गिळतात आणि केंद्रातल्या लोकांना ती आकारानुसार सतत वेगळी करत बसावं लागतं. माशाकडून नीतिशास्त्र शिकू नये. शरीरशास्त्र मात्र भरपूर शिकावं.

या हार्मोनचं नाव जीएनआरएच. जेमतेम दहा अमिनो आम्लांची साखळी. ती ओळखण्यासाठी अँड्र्यू शॅली यांच्या गटाने लाखाहून जास्त डुकरांच्या मेंदूंतले तुकडे गाळले, तर रॉजर गियमाँ यांच्या गटाने मेंढ्यांचे. १९७१ मध्ये रचना उलगडली, १९७७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथल्या थोड्याशा, हजार-दोन हजारच, चेतापेशी हे हार्मोन सोडतात. बारीक रक्तवाहिन्यांतून ते खाली लटकलेल्या, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाच्या पीयूषिका ग्रंथीपर्यंत जातं. ती एलएच आणि एफएसएच अशी दोन हार्मोन रक्तात सोडते. त्यांच्या सांगण्यावरून अंडाशय इस्ट्रोजेन बनवतं, वृषण टेस्टोस्टेरॉन बनवतं, आणि मूल वयात येऊ लागतं. इथवर शाळेच्या पुस्तकात येतं. खरी मजा पुढे आहे.

अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ऱ्हीसस माकडांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. माझ्या मते शरीरक्रियाशास्त्रातला हा सर्वांत देखणा प्रयोग आहे. माकडांच्या हायपोथॅलॅमसमधला नेमका भाग त्यांनी निकामी केला. एलएच आणि एफएसएच दोन्ही खाली आली. मग बाहेरून जीएनआरएच द्यायला सुरुवात केली, अखंड धारेने. अपेक्षा अशी की ग्रंथी पुन्हा कामाला लागेल. ती लागली नाही. मग तेच हार्मोन तासातून एकदा, सहा मिनिटंच दिलं. ग्रंथी जागी झाली. पुन्हा अखंड धार लावली, पुन्हा मंदावली. पुन्हा तासाची लय, पुन्हा जागी. मात्रा कमी पडली म्हणून ग्रंथी झोपली नव्हती. हार्मोन सतत मिळत राहिल्यामुळे ती झोपली होती.

खाडीकाठच्या माणसाला हे चटकन पटावं. तिवराच्या मुळांना भरतीचं पाणी हवंच, पण ओहोटीही तितकीच हवी. बांध घालून तेच खारं पाणी महिनोन्‌महिने कोंडून ठेवलं तर श्वासमुळं बुडून तिवर मरतो. पीयूषिकेच्या पेशी मरत नाहीत, एवढाच फरक. त्या ऐकायचं थांबवतात.

कशा थांबवतात? पेशीच्या पृष्ठभागावर जीएनआरएचसाठी ग्राही रेणू असतात. हार्मोन येऊन बसलं की पेशीत कॅल्शियमची लाट उसळते आणि एलएचच्या साठवलेल्या पुड्या बाहेर फेकल्या जातात. मूळ हार्मोन रक्तात काही मिनिटंच टिकतं, त्यामुळे लाट ओसरते आणि ग्राही रेणू पुढच्या वेळेसाठी मोकळे होतात. हार्मोन जागेवरून हललंच नाही तर पेशी आपले ग्राही हळूहळू आत ओढून घेते, नवे कमी बनवते आणि आतली संदेशसाखळीही सैल पडते. इथे एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अशा जातीच्या बहुतेक ग्राही रेणूंना पेशीच्या आतल्या बाजूला एक शेपूट असते आणि ती धरूनच पेशी त्यांना झटपट आत खेचते. सस्तन प्राण्यांच्या जीएनआरएच ग्राहीला ही शेपूटच नाही. माशांच्या ग्राहीला आहे. म्हणून आपल्या पेशींचं हे बहिरेपण मिनिटांत येत नाही, यायला दोन-चार आठवडे घेतं. शिवाय लयीचा वेगही अर्थ बदलतो: ठोके भरभर आले तर एलएच जास्त, सावकाश आले तर एफएसएच जास्त. एकच रेणू, एकच ग्राही, आणि संदेश ठरतो तो दोन ठोक्यांमधल्या अंतरावर.

औषध बनवणाऱ्यांनी याचाच फायदा घेतला. ल्युप्रोलाइड या औषधात साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदलून त्या जागी ल्युसीनचं आरशातलं रूप बसवलंय. एन्झाइमना ते कापणं जड जातं. वर हे औषध सूक्ष्म गोळ्यांत भरून महिनाभर किंवा तीन महिने झिरपत ठेवतात. पहिले काही दिवस एलएच उसळतं, नंतर खाली येऊन तिथेच राहतं. जिताड्याच्या मादीत आपण ती पहिली उसळी वापरतो. मुलांमध्ये वापरतो ती नंतरची शांतता. औषध बंद केलं की ग्राही परत येतात आणि काही महिन्यांत वयात येण्याची प्रक्रिया जिथे थांबली होती तिथून पुढे चालू लागते.

हे ठोके कोण देतं, असं कोणी विचारेलच. हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचा आणखी एक लहान गट आहे, तो तीन वेगवेगळे संदेशरेणू सोडतो. किसपेप्टिन जीएनआरएच पेशींना चेतवतं, न्यूरोकायनिन बी शेजारच्या पेशींना सोबत घेतं, डायनॉर्फिन ब्रेक लावतं. त्यातून लय तयार होते. २००३ मध्ये किसपेप्टिनच्या ग्राहीचं जनुक बिघडलेली माणसं सापडली. ती वयातच आली नव्हती. ही लय तान्ह्या बाळात काही महिने चालते, मग वर्षानुवर्षं मंदावते आणि पुढे एके काळी पुन्हा सुरू होते, आधी फक्त रात्री झोपेत. दिवसभर तपासलं तर काही दिसत नाही आणि मध्यरात्री एलएचचे ठोके पडत असतात.

आता टेनेसीकडे. हे औषध १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अकाली वयात येणाऱ्या मुलांना देतात. टेनेसीच्या कायद्याने त्या वापराला हात लावलेला नाही. म्हणजे सात वर्षांच्या मुलीला वेळेआधी पाळी येऊ नये म्हणून हे इंजेक्शन दिलं तर कायदेशीर. बारा वर्षांच्या मुलाला ‘हे शरीर माझं नाही’ या सततच्या, तीव्र अस्वस्थतेसाठी, म्हणजे जेंडर डिस्फोरियासाठी, तेच दिलं तर बेकायदा. बंदी औषधावर नाही, ते देण्याच्या कारणावर आहे. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताच्या निकालात म्हटलं की कायदा वय आणि औषधाचा उपयोग पाहून भेद करतो, लिंग पाहून नव्हे. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर यांचं मत नेमकं उलट: मूल मुलगा आहे की मुलगी हे कळल्याशिवाय हा कायदा लावताच येत नाही. उशिरा वयात येणाऱ्या मुलाला टेस्टोस्टेरॉन चालतं, मुलगा म्हणून जगू पाहणाऱ्या मुलीला चालत नाही.

कायद्याच्या बाजूचे प्रोस्टेट कर्करोगाचा दाखला देतात. त्यातही हेच औषध वापरतात, म्हणून ते याला रासायनिक खच्चीकरण म्हणतात. विरोधक म्हणतात, चाळीस वर्षं मुलांना देतोय, सगळं पूर्ववत होतं, चिंता नको. मला दोन्ही बाजू एकच चूक करताना दिसतात. ज्या हार्मोनचा सगळा अर्थ वेळेत आहे, त्याच्या औषधाबद्दल बोलताना दोन्ही बाजू वेळच विसरतात. सत्तरीतल्या पुरुषाचा अनुभव बारा वर्षांच्या मुलाला लागू होत नाही. पण अकाली वयात येणाऱ्या मुलीचाही पूर्ण लागू होत नाही. तिला आपण थांबवून बरोबरीच्या मुलींच्या वेळापत्रकावर आणतो आणि मग सोडून देतो. डिस्फोरियात मुलाला ऐन वेळी थांबवतो, जेव्हा बरोबरीच्या मुलांच्या हाडांत आयुष्यभराची पुंजी जमा होत असते. या काळात हाडांची घनता समवयस्कांच्या मागे पडते, हे अभ्यासांत दिसलंय. पुढे हार्मोन सुरू केल्यावर काही प्रमाणात भरून निघते. अगदी सुरुवातीला थांबवून थेट दुसऱ्या लिंगाचे हार्मोन दिले तर अंडी किंवा शुक्राणू पक्वच होत नाहीत, हा प्रश्नही खराच. आणि काहीच न करणं हाही निर्णयच असतो: फुटलेला आवाज परत बारीक होत नाही.

ब्रिटनमधल्या २०२१ च्या एका अभ्यासात हे औषध घेणाऱ्या ४४ पैकी ४३ मुलांनी पुढे हार्मोन घेण्याचा मार्ग धरला. याचे दोन अर्थ निघतात. डॉक्टरांनी योग्य मुलं निवडली, हा एक. थांबवण्यामुळेच पुढची वाट ठरून गेली, हा दुसरा. तुलनेसाठी औषध न दिलेला गट नसेल तर या आकड्यातून दोन्हींपैकी काहीही सिद्ध होत नाही. ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या २०२४ च्या अहवालानेही पुरावा कच्चा असल्याचं म्हटलं. त्याच वर्षी ब्रिटनने नवीन रुग्णांना हे औषध देणं आधी तात्पुरतं आणि मग बेमुदत थांबवलं, संशोधनाची वाट मोकळी ठेवून. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि हार्मोनतज्ज्ञांच्या संघटना मात्र उपचारांच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यातल्या हार्मोनतज्ज्ञांनी २०१७ च्या मार्गदर्शिकेत स्वतःच या शिफारशीमागचा पुरावा कमी दर्जाचा असल्याचं नोंदवलंय. फिनलंड आणि स्वीडनने संसदेत कायदा न करता आरोग्ययंत्रणेच्या सूचना बदलून वापर आवळला. मला हाच रस्ता बरा वाटतो. पुरावा बदलला की सूचना बदलता येते. आर्कान्सासारख्या राज्यात, जिथे २०२१ मध्ये राज्यपालांचा नकाराधिकार डावलून असा पहिला कायदा झाला, तिथे पुरावा बदलला तरी आधी निवडणूक जिंकावी लागते.

या कायद्यांत आणखी एक अपवाद असतो, त्याकडे फारसं कोणी पाहत नाही. जन्मतः जननेंद्रियं स्पष्टपणे मुलाची किंवा मुलीची नसलेल्या बाळांवर शस्त्रक्रिया करायला ते मोकळीक देतात. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नेमक्या अशाच शस्त्रक्रिया रोखायला सांगितल्या, कारण संमती बाळाची नसते. तमिळनाडू सरकारने जिवावर बेतलेले प्रसंग सोडून त्या बंद केल्या. संमतीचा मुद्दा तिकडे बारा वर्षांच्या मुलाला लावतात, तान्ह्याला नाही. इकडे तान्ह्यापासून सुरुवात झाली.

आपल्याकडे कोकणात हे औषध एखाद्या घरात आलंच तर बहुधा ते अकाली वयात येण्यासाठी येतं. मुलीत आठ वर्षांच्या आधी स्तनांची वाढ, मुलात नऊ वर्षांच्या आधी वृषणांची वाढ दिसली तर डॉक्टरांना दाखवावं. बालहार्मोनतज्ज्ञासाठी मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातली बांबोळी गाठावी लागते, त्यामुळे मधले महिने देवस्कीत आणि ‘उष्ण खाऊ घालू नका’ या सल्ल्यात जातात. ब्रॉयलर कोंबडीलाही दोष देतात. तिची वाढ निवडक पैदाशीने आणि खाद्याने होते. वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे, ते खाल्लं तर पोटात पचून जातं. डॉक्टर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. मग याच घराण्यातल्या औषधाचा एक डोस टोचून अर्ध्या-एक तासाने रक्तातलं एलएच मोजतात. ते उसळलं तर मेंदूतले ठोके सुरू झालेत. नाही उसळलं तर कारण दुसरीकडे, अंडाशयात, वृषणात किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत शोधावं लागतं, आणि तिथे हे महिन्याचं इंजेक्शन देऊन उपयोग नसतो.