काडीमोडीपासून संमतीच्या अर्जापर्यंत

"शंभराच्या स्टॅम्पवर दोघांनी सह्या केल्या, नोटरीही झाली. मग सोडचिठ्ठी झालीच ना?" सोलापुरात हा प्रश्न आजही ऐकू येतो. हिंदू विवाहात अशा कागदाने घटस्फोट होत नाही. तरी लोकांचा त्यावर विश्वास बसतो, त्याला जुनं कारण आहे.

कष्टकरी जातींमध्ये काडीमोड पूर्वीपासून होती. पंच बसायचे, देणंघेणं ठरायचं, काडी मोडली की नातं तुटलं. पुढे पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायची मोकळीक. काम झटपट व्हायचं, पण बाईचं म्हणणं क्वचितच विचारलं जाई. उच्चवर्णीय स्त्रीला तर तीही वाट नव्हती. आणि कोर्टात गेलं तरी बाईची सुटका सोपी नव्हती. सुतार समाजातल्या रखमाबाईंचं लग्न लहानपणीच लावलेलं, त्या नांदायला तयार नव्हत्या, म्हणून नवऱ्याने 1884 मध्ये त्यांच्यावर दावा लावला. 1887 मध्ये मुंबईच्या कोर्टाने नांदायला जा, नाहीतर तुरुंगात, असं फर्मावलं. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. देशभर गाजलेला हा खटलाही मिटला तो कोर्टाबाहेरच.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 मध्ये काडीमोडीचा कायदा केला. मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोट कायदा 1947 चा. तो सोलापूरला लागू झाला तेव्हा शेजारचं अक्कलकोट अजून संस्थान होतं, म्हणून तिथे तो लागू नव्हता. मग 1955 चा हिंदू विवाह कायदा आला. त्याच्या कलम 29 ने रूढीतली काडीमोड मोडीत काढली नाही, पण ती रूढी खरोखर चालत आलेली आहे हे पुराव्याने दाखवावं लागतं. नुसत्या स्टॅम्पपेपरने ते सिद्ध होत नाही. पुन्हा लग्न करताना किंवा वारसाहक्काच्या वेळी हे उघडं पडतं, आणि झळ बहुतेकदा बाईलाच बसते.

तोवर घटस्फोट हवा तर समोरच्याचा दोष शाबीत करावा लागे. 1976 मध्ये कलम 13-ब आलं आणि संमतीची वाट उघडली. वर्षभर वेगळं राहिलेल्या जोडप्याने एकत्र अर्ज द्यायचा, सहा महिने थांबायचं, पुन्हा दोघांनी होकार द्यायचा. हुकूम होईपर्यंत कोणीही माघार घेऊ शकतं. पोटगी, मुलं, स्त्रीधन सगळं मिटलेलं असेल आणि एकत्र येण्याची आशा उरलेली नसेल, तर सहा महिन्यांची अट कोर्ट शिथिल करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. विडी वळणाऱ्या बाईची प्रत्येक तारखेला मजुरी बुडते. तिच्यासाठी ही सवलत फार मोलाची आहे.

1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न आधी करणं न्यायालयावरच बंधनकारक केलं. म्हणून तिथे समुपदेशक असतात, प्रकरण मध्यस्थाकडेही जातं. लोकअदालतीत पोटगीसारखे वाद मिटतात, घटस्फोट मात्र तिथे मिळत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

बसून मिटवणं आपल्याकडे जुनंच आहे. फरक इतकाच, की ठरलेल्या अटी अर्जाला जोडून हुकुमात आल्या, तर पोटगी थकल्यावर बाईला पंचांची मनधरणी करावी लागत नाही. त्याच हुकुमाच्या वसुलीसाठी ती थेट कोर्टात जाऊ शकते.