डिस्चार्जच्या पिशवीत सुया कशा आल्या

वजन कमी करायचं ऑपरेशन झालं की आजकाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात आणि जाताना हातात जी पिशवी देतात तिच्यात लिक्विड डाएटचा कागद, ॲसिडिटीच्या गोळ्या आणि बऱ्याच जणांना आधीच भरलेल्या छोट्या सिरिंजचं एक खोकं मिळतं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे रोज पोटात टोचून घ्यायचं, स्वतःचं स्वतः. मला ते खोकं मिळालं तेव्हा खरं सांगते, ऑपरेशनपेक्षा त्याचीच जास्त धास्ती वाटली, आणि मनात आलं की नर्सचं काम आपल्या गळ्यात का मारतायत. मग रिकाम्या वेळात वाचत बसले आणि कळलं की यामागे दीडशे वर्षांहून लांब गोष्ट आहे. माझं मत आता असं झालंय की सुई घरी आली ती औषध सोपं झालं म्हणून तर आलीच, पण त्याहून जास्त हॉस्पिटलातला मुक्काम आखडला म्हणून आली. गुठळी व्हायची जोखीम काही आठवडे असतेच, आधी त्यातले बरेच दिवस वॉर्डात जायचे, आता जवळजवळ सगळे घरी जातात.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. "रक्त पातळ करायचं इंजेक्शन" असं आपण सगळे म्हणतो पण रक्त पातळबितळ काही होत नाही, गोठण्याची जी साखळी असते तिच्यातली एखाद-दुसरी कडी ढिली पडते इतकंच. आणि झालेली गुठळी विरघळवणं हे त्याचं काम नाही, ते शरीर आपलं आपण हळूहळू करतं, औषध नवी होऊ देत नाही आणि असलेली वाढू देत नाही.

गुठळी पायात होते आणि माणूस छातीने जातो, हे कोडं सोडवलं बर्लिनच्या रुडॉल्फ व्हिर्चोने. 1840च्या दशकात शवविच्छेदनं करताना त्याने दाखवलं की फुप्फुसाच्या धमनीत अडकलेला गोळा तिथे तयार झालेला नसतो, पायाच्या शिरेतून तुटून हृदयातून वाहत आलेला असतो. थ्रॉम्बोसिस (जागीच गुठळी होणं) आणि एम्बोलिझम (ती वाहत जाऊन अडकणं) हे दोन्ही शब्द त्याचेच. पुढच्या पिढ्यांनी त्याच्या नावावर तीन कारणं मांडली: रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा, आणि रक्तच गोठायला उतावीळ होणं. आता बेरिअॅट्रिक (म्हणजे वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या) पेशंटला ही तीन लावून बघा. पोटातल्या चरबीचा दाब शिरांवर आधीपासून असतो, दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात आणि टेबल डोक्याकडून वर उचलतात, त्यामुळे पायातलं रक्त वर चढायला आणखी वेळ लावतं. शिवाय लठ्ठपणात अंगात कायम थोडी सूज धुमसत असते, गोठवणारी द्रव्यं वाढलेली असतात, वर ऑपरेशनची जखम. पहिलं आणि तिसरं कारण तर ऑपरेशन टेबलावर जायच्या आधीच हजर.

गंमत अशी की त्या काळात उपाय जो करायचे तो रोगाला हात देणाराच होता. ऑपरेशन झालं की दोन-दोन, तीन-तीन आठवडे पेशंटला पाठीवर झोपवून ठेवायचे, उठलास तर टाके तुटतील म्हणून. लवकर उठवा, चालवा हा विचार 1940च्या दशकात कुठे जोर धरू लागला. त्यामुळे ऑपरेशनच्या संध्याकाळीच नर्स येऊन "चला, दोन फेऱ्या मारा" म्हणते तेव्हा राग येतो खरा, पण ते गुठळीवरचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वस्त औषध आहे.

औषधाची गोष्ट मात्र चुकून लागलेल्या शोधाची. 1916, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स, विल्यम हॉवेल यांची लॅब, आणि तिथे जे मक्लीन नावाचा मेडिकलचा दुसऱ्या वर्षाचा पोरगा. त्याला काम दिलं होतं रक्त गोठवणारा पदार्थ शुद्ध करायचं. कुत्र्याच्या यकृतातून काढलेला अर्क काही दिवस ठेवून पुन्हा तपासला तर तो गोठवायच्या ऐवजी गोठणं थांबवतोय असं त्याला दिसलं. हॉवेलना पटेना. मग, मक्लीनने स्वतः खूप वर्षांनी सांगितलंय त्याप्रमाणे, त्याने एका बीकरमध्ये मांजराचं रक्त घेतलं, त्यात तो अर्क टाकला आणि बीकर हॉवेलच्या टेबलावर ठेवून म्हणाला, गोठलं की मला सांगा. ते गोठलंच नाही. 1918 मध्ये हॉवेलच्या लॅबने याला हेपरिन नाव दिलं, ग्रीकमध्ये यकृताला हेपार म्हणतात त्यावरून. पण पुढे हॉवेलने जे पाण्यात विरघळणारं द्रव्य काढलं, ज्याला आज हेपरिन म्हणतात, ते मक्लीनच्या अर्कापेक्षा वेगळं होतं, त्यामुळे शोध नक्की कोणाचा यावर वाद झाले आणि ते झालेच पाहिजेत असे आहेत.

बाटलीतून माणसाच्या शिरेत यायला आणखी वीस वर्षं लागली. टोरांटोत चार्ल्स बेस्ट (इन्सुलिनवाले तेच) आणि स्टॉकहोममध्ये एरिक योर्पेस यांनी ते पुरेसं शुद्ध केलं, आणि 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात टोरांटोचे गॉर्डन मरे आणि स्टॉकहोमचे क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी ऑपरेशन झालेल्या पेशंटांना गुठळी होऊ नये म्हणून ते द्यायला सुरुवात केली. म्हणजे विचार इतका जुना आहे. पण औषध महाग, शिरेतून द्यायचं, रक्तस्रावाची भीती, त्यामुळे ते मोजक्याच लोकांपुरतं राहिलं. मधल्या काळात वॉरफरिनची गोळी आली, जिचं मूळ सडलेल्या क्लोव्हर गवताने रक्तस्राव होऊन मरणाऱ्या गुरांत आहे आणि जी आधी 1948 मध्ये उंदीर मारायला बाजारात आली होती. पण ती अंगात चढायला कित्येक दिवस घेते आणि सारखं रक्त तपासावं लागतं, पंधरा दिवसांच्या संरक्षणाला ती काय कामाची.

कलाटणी मिळाली ती 1975 मध्ये, आणि ती देणारे लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलचे भारतीय वंशाचे सर्जन विजय कक्कर. त्यांनी हेपरिनचा डोस अगदी कमी केला, 5000 युनिट, आणि शिरेत न देता कातडीखाली दिला: ऑपरेशनच्या 2 तास आधी एकदा आणि मग दर 8 तासांनी 7 दिवस. अनेक देशांतले 4121 पेशंट. फुप्फुसात गुठळी अडकून मेलेले, शवविच्छेदनाने खात्री झालेले, हेपरिन न मिळालेल्या गटात 16 आणि मिळालेल्या गटात 2. मला हा आकडा अजूनही थांबवतो, कारण यात कुठलंही नवं औषध नव्हतं, जुनंच औषध, थोडंसं, वेगळ्या जागी.

तरी दिवसातून तीन वेळा टोचायचं, तेही आठवडाभर वॉर्डात. साधं हेपरिन कातडीखाली दिलं की त्यातलं बरंचसं वाटेतच प्रथिनांना चिकटून वाया जातं, आणि किती उरेल याचा भरवसा नसतो. म्हणून डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलेल्या हेपरिनच्या लांब साखळ्या तोडून आखूड तुकडे करायची युक्ती निघाली. हेच ते लो मॉलिक्युलर वेट हेपरिन. एनॉक्सापरिन त्यातलं सगळ्यात ओळखीचं, फ्रान्समध्ये 1987 पासून, अमेरिकेत 1993 पासून. आखूड तुकडे चिकटत कमी, टिकतात जास्त, डोस ठरलेला, रोज रक्त तपासायची गरज बहुतेकांना नाही. इथे पहिल्यांदा हे औषध घरी नेण्यासारखं झालं.

आणि नेलंच. 1996 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकाच्या मार्चच्या एकाच अंकात दोन अभ्यास छापून आले, एक कॅनडाचा आणि एक मुख्यतः युरोपचा, दोन्हींत पायात गुठळी *झालेल्या* पेशंटांना घरी इंजेक्शन देऊन पाहिलं होतं. कॅनडाच्या अभ्यासात घरच्या गटाचे हॉस्पिटलचे दिवस सरासरी 1.1 आणि हॉस्पिटलात ड्रिपने साधं हेपरिन घेणाऱ्या गटाचे 6.5, आणि पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं. त्याच वर्षी खुब्याचा सांधा बदललेल्यांना डिस्चार्जनंतरही महिनाभर एनॉक्सापरिन चालू ठेवलं तर तपासणीत दिसणाऱ्या गुठळ्या 39 टक्क्यांवरून 18 वर आल्या, 2002 मध्ये पोटाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनांत 12 वरून 4.8 वर. म्हणजे पेशंटला सिरिंज टोचायला शिकवणं ही सवय हाडांच्या आणि कॅन्सरच्या वॉर्डांनी लावली, आम्ही वजनवाले मागून आलो.

कारण आमचं ऑपरेशनच तोवर वेगळं होतं. आयोवाचे एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी 1960च्या दशकाच्या मध्यात गॅस्ट्रिक बायपास (जठर छोटं करून अन्नाचा रस्ता वळवायचं ऑपरेशन) सुरू केला तेव्हा पोटावर लांब चीर असायची आणि पेशंट बरेच दिवस तिथेच. 1994 मध्ये विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी दुर्बिणीतून केलेला बायपास प्रसिद्ध केला, मग स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून नळीसारखं अरुंद करायचं ऑपरेशन) आली, आणि मुक्काम दोन रात्रींवर आला. चीर छोटी झाली म्हणून गुठळीची जोखीम त्याच मापात छोटी झाली नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या 91,963 ऑपरेशनांच्या नोंदी पाहिल्या तर गुठळीच्या 80 टक्क्यांहून जास्त घटना डिस्चार्जनंतरच्या निघाल्या. प्रमाण छोटं आहे, घरी गेल्यावर 30 दिवसांत हजारात साधारण तिघं, पण ज्यांना होते त्यांच्यात मृत्यू कितीतरी पटींनी जास्त.

मग भांडण डोसचं. औषधाचे मूळ अभ्यास साधारण वजनाच्या माणसांवर, आणि इथे पेशंट 130-140 किलोचे. 2002 मध्ये 481 पेशंटांच्या एका मालिकेत 30 एमजी दिवसातून दोनदा दिलेल्यांत गुठळ्या 5.4 टक्के आणि 40 एमजी दोनदा दिलेल्यांत 0.6 टक्के दिसल्या. तो काही चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला अभ्यास नव्हता, तरी बऱ्याच सर्जननी 40 उचललं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 50च्या वर असेल तर काही जण 60. दुसऱ्या बाजूला जठर कापून स्टेपलने जोडलेल्या रेषेतून रक्त येण्याची भीती, त्यामुळे किती दिवस आणि कोणाला यावर आजही एकमत नाही, कोणी 10 दिवस देतं, कोणी 4 आठवडे, कोणी फक्त जास्त जोखमीच्यांना. काही काळ पोटातल्या मोठ्या शिरेत गुठळी अडवणारी गाळणी बसवायची टूम होती, मिशिगनच्या नोंदींत तिचा फायदा दिसला नाही, उलट त्रासच जास्त, मग ती मागे पडली.

सिरिंजकडे नीट बघितलंत तर आत एक छोटा बुडबुडा दिसतो. तो बघून मी पहिल्याच दिवशी घाबरून टिचक्या मारायला लागले, नर्सने हात धरला. तो मुद्दाम ठेवलेला असतो, शेवटी तो ढकलला जातो तेव्हा सुईतला शेवटचा थेंबही आत जातो. बुडबुडा काढायला गेलात तर औषधच सांडतं. बेंबीपासून दोन इंच लांब, रोज बाजू बदलून, चिमटीत घडी धरून सुई सरळ आत, दांडा शेवटपर्यंत दाबेस्तोवर घडी सोडायची नाही आणि नंतर चोळायचं नाही, चोळलं की निळं-काळं होतं. पोटाला चिमटा घेणं म्हणजे उपाशी राहून पैसे साठवणं असं लहानपणापासून ऐकलेलं, त्या आठवड्यांत मी तो दोन्ही अर्थांनी घेत होते.

आता गोळीवर आणायचे प्रयत्न चाललेत. अडचण अशी की रिव्हरॉक्साबानसारखी गोळी बऱ्यापैकी जठरातच शोषली जाते आणि स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांश भाग कापून टाकलेला असतो, बायपासमध्ये रस्ताच बदललेला. स्वित्झर्लंडमध्ये रोज 10 एमजी 7 दिवस आणि 28 दिवस अशी तुलना करून पाहिली, गुठळ्या दोन्हीकडे इतक्या कमी झाल्या की कोण जिंकलं हे म्हणायलाही आकडे पुरेनात. तोपर्यंत बऱ्याच जणांच्या पिशवीत खोकंच येतंय, आणि सोबत वापरलेल्या सुया टाकायचा तो पिवळा डबा.