एलपीआयसी-१: लिनक्सची पहिली परीक्षा नाशिकमधून द्यायची तर

लिनक्स ही सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळण्याचं काम, म्हणजे लिनक्स ॲडमिनिस्ट्रेशन. त्याची पहिली पायरी म्हटली की आपल्याकडे दोन परीक्षांची नावं घेतली जातात. एक रेड हॅट या लिनक्स बनवणाऱ्या कंपनीची आरएचसीएसए, दुसरी लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटची, म्हणजे एलपीआयची एलपीआयसी-१. आरएचसीएसए पूर्ण प्रात्यक्षिक आहे: तीन तास, चालू मशीन समोर, ३०० पैकी २१० गुण हवेत, आणि रीबूटनंतर तुमची सेटिंग टिकली नाही तर त्या कामाचे गुण गेले. ज्याने सर्व्हरला कधी हात लावलेला नाही, त्याने आधी एलपीआयसी-१ द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून ही माहिती तिच्याबद्दल.

सगळ्यात आधी पात्रतेचं, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. पदवीची अट नाही, टक्केवारीची नाही, अनुभवाची नाही, आणि अमुक क्लास केल्याचा दाखलाही कोणी मागत नाही. सातपूरच्या आयटीआयमधला मुलगा, मुक्त विद्यापीठातून शिकणारी गृहिणी, अंबडला शिफ्ट करून रात्री अभ्यास करणारा कामगार, एटीकेटी लागलेला बीसीएसचा विद्यार्थी, सगळे अर्ज करू शकतात. 'आमच्याकडे कोर्स केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही' असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. क्लास जरूर लावा, शिकवणारा चांगला असेल तर फायदाच होतो. पण तो परीक्षेची अट नाही, हे माहीत असू द्या.

प्रमाणपत्रासाठी दोन पेपर पास व्हावे लागतात, १०१ आणि १०२. प्रत्येकात ६० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. गुण २०० ते ८०० या पट्टीवर मिळतात आणि ५०० ला पास. दोन्ही पेपर एकाच दिवशी द्यायची गरज नाही. पहिला पास झाल्यापासून ५ वर्षांच्या आत दुसरा झाला पाहिजे, आणि मिळालेलं प्रमाणपत्रही ५ वर्षंच चालू राहतं. फी प्रत्येक पेपरची वेगळी भरायची असते, त्यामुळे दोन्ही एकदम बुक करून खिशावर ताण आणू नका.

नाव आणि ओळखपत्र

अर्ज ऑनलाइन आहे. आधी एलपीआयच्या संकेतस्थळावर खातं उघडून एलपीआय आयडी घ्यायचा, मग पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तोच आयडी देऊन पेपर, भाषा, जागा आणि वेळ निवडायची. हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण मराठी माणूस नेमका एका रकान्यात अडकतो: नाव.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि बाकीचं दुसऱ्या ओळीत. लग्नानंतर आधार बदललेलं असतं, पॅन तसंच राहिलेलं असतं. त्यात इंग्रजी स्पेलिंग: वाघ व्हीने की डब्ल्यूने, जाधवच्या शेवटी व्ही की ओ. परीक्षेच्या दिवशी खात्यावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फी बुडते. म्हणून जे ओळखपत्र त्या दिवशी दाखवणार आहात ते समोर ठेवा आणि त्याच्यावरून अक्षर न् अक्षर उतरवा. एलपीआयवर आणि पिअर्सन व्ह्यूवर, दोन्हीकडे सारखंच. जुन्या खात्यात चूक असेल तर बुकिंगच्या आधी दुरुस्त करून घ्या.

केंद्रावर फोटो आणि सही दोन्ही असलेलं, मुदत न संपलेलं सरकारी ओळखपत्र लागतं. आधारवर सही नसते हे लक्षात घ्या. पासपोर्ट असेल तर तोच सर्वांत निर्धोक. सोबत दुसरं एक ओळखपत्र ठेवा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही, मूळ कार्डच न्या. याशिवाय गुणपत्रिका, जातीचा दाखला, रहिवासी दाखला असं काहीही लागत नाही.

पैसे भरताना व्यवहार परदेशी धरला जाऊ शकतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, काम झालं की पुन्हा बंद करा.

केंद्र की घर

जागा निवडताना नाशिक टाकून बघा. हवी ती तारीख जवळ मिळाली नाही तर पुणे, मुंबई शोधा, किंवा घरून ऑनलाइन देण्याचा पर्याय घ्या. घरून देताना वेबकॅम लागतो, खोलीचे चारही बाजूंनी फोटो काढून पाठवावे लागतात, टेबल रिकामं ठेवावं लागतं, मोबाइल हाताशी ठेवता येत नाही आणि मध्येच कोणी खोलीत आलं तर पेपर थांबवला जाऊ शकतो. पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती आधीच मोडा, कारण त्यालाही हरकत घेतात. परीक्षेचं सॉफ्टवेअर विंडोज किंवा मॅकओएसवर चालतं. तुमच्या लॅपटॉपवर फक्त उबुंटू असेल तर दुसऱ्या मशीनची सोय करा. कंपनीचा लॅपटॉप टाळा, त्याच्या फायरवॉलमुळे कनेक्शन अडतं.

सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात दीड तास शांतता मिळणं सोपं नाही, हे मान्य. घरच्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटपेक्षा केंद्र बरं. महावितरणचा देखभालीचा मेसेज त्याच दिवशी आला तर फार मनस्ताप होतो.

तयारी कुठे जास्त

एलपीआयच्या अभ्यासक्रमात प्रत्येक मुद्द्यापुढे वजनाचा आकडा दिलेला असतो. एका पेपरच्या सगळ्या आकड्यांची बेरीज ६० होते आणि प्रश्नही ६०च. म्हणजे कुठे किती वेळ द्यायचा हे त्यांनीच सांगून ठेवलंय. १०१ मध्ये 'जीएनयू आणि युनिक्स कमांड' या एकाच प्रकरणाचं वजन २६ आहे. ग्रेप, सेड, कट, सॉर्ट, पाइप, प्रोसेस मारणं, व्हीआय एडिटर, सगळं त्यातच. १०२ मध्ये नेटवर्कला १४, तर डेस्कटॉपच्या प्रकरणाला जेमतेम ४. तरीही बरीच मुलं पहिल्या पानापासून क्रमाने वाचत जातात आणि बूटलोडरवरच (मशीन सुरू होताना लिनक्स चालू करणारा प्रोग्राम) महिना घालवतात.

सगळे प्रश्न पर्यायांचे नसतात. काही ठिकाणी कमांड किंवा फाइलचा पूर्ण पाथ स्वतः टाइप करावा लागतो. तिथे 'साधारण माहीत आहे' याला गुण नाहीत. उदाहरणार्थ यूमास्क, म्हणजे नव्या फाइलच्या परवानग्यांतून काय वगळायचं ते सांगणारा आकडा, ०२७ असताना नवी फाइल बनवली तर परवानग्या कोणत्या? नव्या फाइलची सुरुवात ६६६ पासून होते (४ म्हणजे वाचणं, २ म्हणजे लिहिणं). त्यातून ०२७ चे बिट काढले की ६४०: मालकाला वाचता-लिहिता येतं, गटाला फक्त वाचता येतं, बाकीच्यांना काहीच नाही. नवं फोल्डर असेल तर ७७७ पासून सुरुवात, म्हणून ७५०. हे पाठ करून दोन दिवसांत विसरतं. टर्मिनलवर यूमास्क बदलून पाच फाइली बनवा, एलएस -एल करून बघा, मग ते डोक्यातून जात नाही.

यासाठी महागडं मशीन नको. जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (एका मशीनमध्ये दुसरी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून दोन लिनक्स ठेवा, एक डेबियन आणि एक फेडोरा किंवा रॉकी. कारण परीक्षा कोणत्याच एका कंपनीच्या लिनक्सला बांधलेली नाही. सॉफ्टवेअर बसवायच्या डेबियनकडच्या एपीटी आणि डीपीकेजी या कमांडही विचारतात, फेडोराकडच्या आरपीएम आणि यमही विचारतात. वाचायला एलपीआयचं स्वतःचं अभ्यास साहित्य संकेतस्थळावर मोफत आहे, ते सोडू नका. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'खरे प्रश्न' मात्र हातात धरू नका. पेपर सुरू होण्याआधी गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो, आणि असल्या डम्पवर पास झालेला माणूस मुलाखतीत पहिल्याच टर्मिनलवर उघडा पडतो.

नापास झालात तर पहिल्या वेळी एक आठवडा थांबून पुन्हा बसता येतं, त्यानंतरच्या प्रत्येक प्रयत्नाआधी ३० दिवस थांबावं लागतं. फी दर वेळी नव्याने भरायची. पास झाल्यावर बायोडेटात नुसतं 'एलपीआयसी-१' लिहू नका, एलपीआय आयडी आणि पडताळणी कोडही द्या. ते दोन्ही टाकून कंपनी तुमचं प्रमाणपत्र एलपीआयच्या संकेतस्थळावर थेट तपासू शकते.