निकोडेमस : कॅन्ससच्या माळरानावरील एका गावाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागातील ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेजवळ, निकोडेमस नावाचे मोजक्या वस्तीचे गाव आहे. यादवी युद्धानंतरच्या काळात मिसिसिपीच्या पश्चिमेस कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या वसाहतींपैकी आजही टिकून असलेली सर्वांत जुनी वसाहत म्हणून त्याची नोंद होते.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, परंतु दक्षिणेतील मुक्त झालेल्या बहुसंख्य कुटुंबांच्या वाट्याला स्वतःची जमीन आली नाही आणि पूर्वीच्याच मालकांच्या शेतात वाट्याने राबण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही. १८७७ मध्ये संघराज्याचे सैन्य दक्षिणेतील राजकारणातून बाजूला झाले, तेव्हा उरलासुरला आधारही गेला. त्याच वर्षी डब्ल्यू. एच. स्मिथ, धर्मोपदेशक सायमन राउंडट्री आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी यांनी डब्ल्यू. आर. हिल या गौरवर्णीय जमीन-प्रवर्तकासह निकोडेमसची कंपनी स्थापन केली. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षे जमीन कसणाऱ्यास १६० एकरांची मालकी मिळू शकत होती, आणि केंटकीतील कुटुंबांना याच आशेने पश्चिमेकडे खेचले.

सप्टेंबर १८७७ मध्ये सुमारे ३०० जण एलिस स्थानकावर उतरून पुढे माळ तुडवत गावी पोहोचले. प्रचारपत्रकांत रंगवलेले गाव तेथे नव्हतेच. झाडे नसल्याने लाकूड नव्हते, म्हणून लोकांनी जमिनीत खोदून घरे केली. १८७८ च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी पुढे सांगितले आहे की पतीने बोट दाखवले तेथे केवळ जमिनीतून निघणारा धूर दिसत होता, आणि ते पाहून त्यांना रडू कोसळले. काही कुटुंबे परत फिरली. जी राहिली, त्यांनी नांगर आणि जनावरे यांची टंचाई असताना कुदळ-फावड्यांनी पहिली शेते तयार केली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी आपल्याजवळचे मांस दिले, ही आठवण गावातील वंशज आजही सांगतात. या गावाचा इतिहास लिहिताना ती वगळता येणार नाही.

१८८० च्या दशकात येथे चर्च, शाळा, हॉटेल, दुकाने, एवढेच नव्हे तर दोन वृत्तपत्रेही होती. येथे स्थायिक झालेले एडवर्ड मॅककेब १८८२ मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. पुढची सारी भिस्त रेल्वेवर होती. त्यासाठी गावकऱ्यांनी १८८७ मध्ये १६,००० डॉलरच्या रोख्यांना मतदानाने मंजुरी दिली, तरी मिसूरी पॅसिफिकचा मार्ग आला नाही. पुढच्याच वर्षी युनियन पॅसिफिकने नदीच्या दक्षिणेकडून रूळ टाकले आणि व्यापाऱ्यांनी आपली दुकाने तेथे उभ्या राहिलेल्या बोग गावी हलवली. निकोडेमसच्या ओहोटीचे कारण रहिवाशांच्या कर्तृत्वात शोधणे माझ्या मते अन्यायाचे आहे. धान्य बाजारात नेण्याची वाटच दुसरीकडून गेल्यावर प्रेअरीवरील कोणत्याही गावाचे असेच झाले असते.

मंदी आणि १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांनी आणखी माणसे शहरांकडे गेली. १९५३ मध्ये टपाल कार्यालय बंद झाले, १९६० मध्ये शाळा. तरीही काही कुटुंबांनी शेती सोडली नाही, आणि जुलैअखेरच्या मुक्तिदिन सोहळ्यासाठी देशभर पांगलेले वंशज दरवर्षी गावी येत राहिले. १९७६ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. १९९६ पासून टाउनशिप हॉल, दोन चर्च, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि शाळा या पाच वास्तू राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा भाग आहेत.