जुन्या दंतकथांची टर आणि शिळाछापाची कव्हरं

गिल्बर्ट बेकेट नावाचा लंडनकर परमुलखात कैदेत पडला. तिथल्या सरदाराच्या मुलीने त्याला सोडवलं आणि पुढे 'लंडन' व 'गिल्बर्ट' एवढ्या दोनच शब्दांच्या बळावर ती त्याला शोधत इंग्लंडात पोचली, अशी जुनी दंतकथा आहे. त्याच वळणाचं 'लॉर्ड बेटमन' हे कथागीत लंडनच्या रस्त्यांवर गायलं जाई. 1839 मध्ये व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकने ते लंडनच्या रस्त्यांवरच्या कॉकनी उच्चारांसकट, चालीचं नोटेशन आणि स्वतःची चित्रं घालून छोट्या पुस्तकात काढलं. प्रकाशक म्हणून खऱ्या चार्ल्स टिल्टच्या जोडीला कॉन्स्टँटिनोपलच्या कुणा मुस्तफाचं बनावट नाव छापलं होतं. म्हणजे थट्टा मुखपृष्ठापासूनच सुरू.

1850 च्या दशकात हाच प्रकार रंगमंचावर रुळला. विनोदी गायक सॅम कॉवेल 'लॉर्ड लव्हेल' म्हणायचा: सरदार देशाटनाला जातो, परततो तर प्रेयसी गेलेली, मग तोही झुरून मरतो आणि दोघांच्या थडग्यांवरची झुडपं एकमेकांत गुंततात. कथानक जवळपास मूळचंच. हशा पिकायचा तो गायकाचा रडवेला चेहरा, उच्चार आणि पोशाख यांवर. अशी गाणी घरी पियानोवर म्हणायला नोटेशनसह छापून विकली जात. आता गायकाचा हा अभिनय नोटेशनमध्ये कसा उतरवणार? चाल साधी, प्रत्येक कडव्याला तीच. पानभर स्वरलेखन झालं की उरलेला सगळा मजकूर कडव्यांचाच. पियानोवर बसणाऱ्या गिऱ्हाइकाला गायक दिसायचा तो फक्त कव्हरवर, म्हणून प्रकाशकाचा जीव कव्हरात.

आतली पानं आणि कव्हर यांची छपाई मात्र अगदी वेगळी. आत प्यूटरचा, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूचा मऊ पत्रा. त्यावर पाच दातांच्या हत्याराने एका दमात पाच रेघा ओढायच्या, मग स्वरांची डोकी, ओळीच्या सुरुवातीची क्लेफ चिन्हं आणि अक्षरं पोलादी ठशांनी ठोकायची, सगळं उलटं. चूक झाली तर पत्रा मागून ठोकून वर उचलायचा, घासून सपाट करायचा आणि पुन्हा ठसा मारायचा. धातू मऊ असल्याने फार प्रती काढल्या की रेघा झिजत, म्हणून मोठ्या खपाच्या गाण्यांचा ठसा पुढे दगडावर उतरवून घेऊ लागले.

कव्हर शिळाछापाचं. (आपल्याकडे गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईत पंचांग छापलं ते याच तंत्राने.) बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड दुसऱ्या दगडावर वाळू-पाण्याने घासून दाणेदार करायचा आणि चिकट मेणखडूने चित्र काढायचं. डिंक आणि सौम्य नायट्रिक आम्ल लावलं की कोरी जागा पाणी धरते, खडूची जागा शाई. आम्ल कडक झालं तर गालांवरच्या फिक्या छटा उडतात. दगड पुरेसा ओला नसेल तर कोऱ्या भागावर शाईची झाक चढते. चित्रकाराचं तळहाताचं तेलसुद्धा छापात उमटतं. रंगीत कव्हराला रंगागणिक वेगळा दगड. दोन छापांमध्ये ओलीने कागद किंचित ताणला गेला, की लाल रंग ओठ सोडून हनुवटीवर येतो. जुन्या कव्हरांवर हा दोष सर्रास दिसतो.

या कामात जॉन ब्रँडर्ड (1812–1863) आधीचा, बॅले आणि ऑपेराच्या नाजूक कव्हरांसाठी नावाजलेला. म्युझिक हॉलच्या, म्हणजे लोकांच्या करमणुकीच्या नाट्यगृहांतल्या, विनोदी गाण्यांवर मात्र आल्फ्रेड कॉन्कॅनेनची (1835–1886) छाप. त्याची चित्रं गायकाची नक्कल नेमकी पकडतात: टोपीचा कल, चेक्सची विजार, मागचा गॅसचा दिवा. फॅशनच्या इतिहासाला ती फोटोंपेक्षा जास्त उपयोगी आहेत, कारण त्या काळच्या फोटोत रंग नव्हता.

कव्हरवर तीन-चार शिलिंग किंमत छापलेली असे आणि दुकानात माल सर्रास निम्म्या किमतीत मिळे. निम्मी म्हटली तरी मजुराच्या आवाक्याबाहेरच. त्याच्यासाठी पेनीला मिळणारे नुसत्या शब्दांचे कागद होते.

संग्राहकाची खरी डोकेदुखी तारीख. या छापील गाण्यांवर साल बहुधा नसतं. पानाच्या तळाशी पत्र्याचा क्रमांक असतो. पण जुनेच पत्रे वापरून नवं कव्हर चढवलं असेल, तर तो आतल्या पानांचं वय सांगतो, कव्हरचं नाही. त्यापेक्षा प्रकाशकाचा पत्ता बघावा: दुकानं वारंवार हलत, आणि व्यापारी डिरेक्टऱ्यांतून कोणत्या वर्षी कोण कुठे होता ते निघतं. ब्रिटिश म्युझियमकडे जमा झालेल्या प्रतीवर आवक-शिक्का असेल, तर गाणं त्या दिवसाच्या आधीचं एवढं तरी नक्की.